शिवखोलच्या तरीचा प्रश्न

महिपत गावकर आमच्या ओटीवर येऊन नुसतं "वैनीबाय, पानी" म्हणाला तरी मागच्या गोठ्यातली गाय कान टवकारायची. माणूस अंगाने काडी. एवढा आवाज हा ठेवतो तरी कुठे, हे कोडं मला कधी सुटलं नाही. त्याच्या गावची, शिवखोलची माणसं मात्र त्या आवाजाला फार जपायची, कारण देवळात गाऱ्हाणं घालायचा मान महिपतच्या घराण्याकडे होता.

गाऱ्हाणं म्हणजे गावाने देवाशी केलेलं बोलणं. देवापुढे नारळ ठेवायचा. गावकराने उभं राहायचं, बाकीच्यांनी मागे बसायचं. गावकर एकेक वाक्य बोलणार आणि प्रत्येक वाक्यापाठोपाठ सगळी माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणणार. भाताला पाऊस दे, व्हय म्हाराजा. मुंबईला गेलेल्या पोरांना सांभाळ, व्हय म्हाराजा. मी एकदा शिमग्यात मुद्दाम ऐकायला गेले होते. खाडीच्या पलीकडच्या तीरावरून ऐकलं तरी शब्द न् शब्द कळत होता.

आमचे हे रत्नागिरीत वकिली करत. सव्वीस सालच्या निवडणुकीत ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून आले आणि आमच्या ओटीची झोप उडाली. कोणाला विहीर हवी, कोणाला शाळेवर मास्तर हवा, कोणाला कौन्सिलात गेलेला माणूस नुसता डोळ्यांनी बघायचा असे. हे त्याला लोकसेवा म्हणत. सेवा यांची आणि चुलीवरचं चहाचं आधण माझं. मला या वर्दळीचा वैताग होता आणि तो मी लपवतही नव्हते. "आनंदीबाई, जरा हळू," असं हे आतल्या दाराशी येऊन सांगत, तेव्हा मी भांडी आणखी आपटत असे.

महिपतला मत नव्हतं. मत मिळायला जेवढा सारा भरावा लागे, तेवढी जमीनच त्याच्या नावावर नव्हती. तरी सत्तावीस साल सरता सरता तो पावसवरून चालत रत्नागिरीला आला, पंच्याने पाय पुसून ओटीच्या कडेला टेकला आणि यांना म्हणाला, "आप्पानू, तुमी मुंबयच्या दरबारात प्रश्न घालताव म्हनतात."

"घालतो म्हणजे विचारतो," हे म्हणाले. "मंत्र्यांनी त्याचं उत्तर द्यायचं."

"द्यायलाच लागतं?"

"द्यावंच लागतं. ते छापूनसुद्धा येतं."

महिपतने पंचा खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "देव पन कवा कवा गप ऱ्हातो."

त्याचं म्हणणं तरीविषयी, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीच्या सोयीविषयी होतं. पूर्णगडच्या खाडीत जरा आत गेलं की दक्षिणेला शिवखोल आणि समोर उत्तरेला मोगरवाडी. दवाखाना मोगरवाडीला, रस्ता मोगरवाडीला, होडीसुद्धा बांधलेली असायची मोगरवाडीलाच. शिवखोलच्या माणसाने काठावर उभं राहून कुकारा घालायचा, लांब हाक द्यायची, मग सदू तरवाला पलीकडून होडी घेऊन येणार. होडी जुनाट, फळ्या कुजलेल्या. उन्हाळ्यात पाणी उपसत कशीबशी चालायची. पावसाळ्यात खाडीला ओढ लागली की सदू हात जोडायचा. लोकल बोर्ड दरसाल तरीचा मक्ता द्यायचं, मक्तेदार दरसाल डांबर फासायचा. महिपतची बायको गोदा काही वर्षांपूर्वी तापाने फणफणलेली असताना त्या काठावरच गेली. होडीची वाट बघता बघता गेली.

आता मुलगी मैना गरोदर होती. दिलेली होती समोरच मोगरवाडीला, रावजी नावाच्या भल्या पोराला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत, आणि आषाढात दिवस भरणार होते. "होडी चांगली आली तर पोरीला आनीन," महिपत म्हणाला. "नायतर नाय. तिच्या आवशीला मी त्याच काठावर मांडीवर घेऊन बसलो व्हतो."

हे त्याला काही वचन देणार, एवढ्यात मीच आतून म्हटलं, "विचारतील. न विचारून सांगतात कुणाला." यांनी माझ्याकडे रागाने बघितलं, पण प्रश्न त्याच दिवशी लिहायला घेतला.

कौन्सिलातला प्रश्न म्हणजे काय चीज असते, ते मला त्या साली कळलं. माझा समज असा, की हे तिथे उभे राहणार, मंत्र्याला विचारणार आणि मंत्री घाम पुसत उत्तर देणार. तसं नसतं. प्रश्न आधी लिहून पाठवावा लागतो. तो मुंबईला जातो. तिथून खात्याकडे, खात्याकडून कलेक्टरकडे, कलेक्टरकडून खाली खाली उतरत शेवटी ज्या गावाबद्दल विचारलं त्याच गावात कोणीतरी अंमलदार घोड्यावरून येतो आणि तिथल्याच माणसांना विचारतो. त्यांनी सांगितलेलं उलट वर चढत मुंबईला जातं आणि मंत्री ते वाचून दाखवतो. म्हणजे शिवखोलच्या प्रश्नाचं उत्तर शिवखोलनेच द्यायचं होतं. हे आम्हाला ठाऊक होतं. शिवखोलला ठाऊक नव्हतं.

यांनी महिपतला एवढंच सांगितलं होतं, मी ऐकलं होतं. "चौकशीला कोणी आलं, तर सगळं नीट सांगा." त्याने मान डोलावली. सांगणं हा तर त्याचा मानच होता.

माघात हे आगबोटीने मुंबईला गेले आणि चैत्रात परत आले. आल्या आल्या महिपतला निरोप धाडला. मी यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं होतं, पण विचारलं नाही. महिपत आला, ओटीच्या कडेला टेकला. यांनी इंग्रजीत छापलेलं उत्तर त्याला मराठीत सांगितलं. शिवखोलच्या तरीवर होडी आहे. मक्तेदार नेमलेला आहे. होडीची डागडुजी दरसाल होते. स्थानिक रहिवाशांना एकत्र करून चौकशी केली असता, आपली काही तक्रार नाही असं त्यांनी एकमुखाने सांगितलं. सबब नव्या होडीची आवश्यकता सरकारला दिसत नाही.

"असं कोण म्हणालं?" यांनी विचारलं. आवाज चढलेला होता. "मी तिथे मंत्र्यांसमोर उभा होतो, महिपत. पुरवणी प्रश्न विचारायला उठलो तर ते म्हणाले, सभासदांपेक्षा तिथल्या रहिवाशांना जास्त माहिती असणार. सगळी सभा हसली. कोण म्हणालं, तक्रार नाही म्हणून?"

"मी," महिपत म्हणाला.

इतक्या हळू आवाजात त्याला बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी आतल्या दारातून बाहेर आले ती तिथेच उभी राहिले.

त्याने मग सगळं सांगितलं. अंमलदार आला तो देवळात उतरला. सावलीची जागा तीच. गावात थोर माणूस आला की त्याच्यापुढे नारळ ठेवायची पद्धत, म्हणून गावाने नारळ ठेवला आणि सगळे सभामंडपात बसले. महिपतने आठवडाभर मनातल्या मनात गाऱ्हाणं जुळवून ठेवलं होतं. गोदाचं, होडीच्या फळ्यांचं, मैनेचं. साहेब बसतील, मग आपण उभं राहायचं, एवढीच तो वाट बघत होता.

"सायब बसलेच नायत," तो म्हणाला. "कागद घेऊन उभे ऱ्हायले. नारळ म्होरं, बोलनारा उभा, आमी मागं बसल्येले. म्हनले, शिवखोलला सरकारनं खाडीवर तर दिल्येली हाय. आमी म्हनलो, व्हय म्हाराजा. म्हनले, होडी हाय. व्हय म्हाराजा. मक्तेदार हाय. व्हय म्हाराजा. समदं खरंच व्हतं ओ. आनि त्याच दमात म्हनले, तवा तुमची काय तक्रार नाय."

यांनी हातातला छापील कागद खाली ठेवला.

"जल्मात त्या जाग्यावर दुसरा शब्द त्वांडातनं गेला नाय, आप्पानू. मी गाऱ्हानं घालनारा, पन त्या दिवशी बसल्येल्यांत व्हतो. त्वांड आपसूक उघडलं. समद्यांपरीस माजाच आवाज मोटा." मग म्हणाला, "सायब कागद घडी करून निगाले. मी मागनं धावलो. म्हनलो, सायब, माजं गाऱ्हानं ऱ्हायलं. ते म्हनले, झालं की, समद्यांनी सांगितलानी."

त्या अंमलदाराला मी अजूनही मनात आणून शिव्या घालते. त्याने खोटं काहीच लिहिलं नव्हतं, याचाच मला जास्त संताप येतो. कागद भरला, नारळ घेतला आणि उन्हाच्या आत मुक्कामाला गेला. त्याचं काम झालं होतं.

यांचा राग कुठल्या कुठे गेला. पुण्याला श्रावणाच्या सुमारास कौन्सिल भरायचं होतं, तिथे पुन्हा विचारतो म्हणाले. श्रावण म्हणताच महिपतने मान वर केली. आषाढ आधी येतो, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. त्याने चहाला हात लावला नाही. जाता जाता मोगरवाडीला लेकीच्या दाराशी गेला आणि आत न जाताच, "ह्या टायमाला घरी येव नको," एवढं सांगून खाडीवर गेला.

पण खाडीच्या दोन्ही तीरांवर गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. मोगरवाडीची माणसं शिवखोलच्या माणसांना बाजारात गाठून "काय, व्हय म्हाराजा" म्हणून चिडवायला लागली. शिवखोलची माणसं महिपतवर खवळली, जणू काही ती स्वतः त्या वेळी देवळात नव्हतीच. त्याने शिवखोलच्या देवळात जायचं सोडलं. कोणाशी बोलायचंही सोडलं.

वैशाखात मैना आमच्याकडे आली. रावजी कोकमं विकायला रत्नागिरीला आला होता, त्याच्याबरोबर बैलगाडीतून. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. बापासारखी काटकुळी, पोट तेवढं पुढे आलेलं आणि गालावर हसू. मी तिला भाकरी वाढली. खाता खाता म्हणाली, "वैनीबाय, बाबांला लोक हसतात तां तुमी आयकलाव?"

"ऐकलं. हसणाऱ्यांना हसू दे."

"ते एकटेच बसून असतात. भात पन धड करत नायत. मी गेले नाय तर लोक म्हनतील, लेकीनं पन टाकलान बापाला."

मी तिला चांगलीच रागावले. म्हटलं, तुझा बाप तुला नको म्हणतोय तो तुझ्या जिवासाठी. दवाखाना तुझ्या दाराशी आहे, तो सोडून त्या काठाला गेलीस तर माझ्याशी गाठ आहे. ती हसत होती. "व्हय," म्हणाली. मी तिच्या पदरात आंबे बांधून दिले. रावजीलाही दम भरला. तो बिचारा मान खाली घालून उभा होता. बायकोपुढे त्याचं काही चालत नसणार हे दिसतच होतं.

ज्येष्ठात चार दिवस उघडीप पडली, तेव्हा ती गेली. रावजीने नको म्हटलं, सासूने नको म्हटलं. ती म्हणाली, बघून येते फक्त, बाबांला जेवाय घालते नि येते. सदूने तिला होडीतून नेलं. खाडी शांत होती, होडीत फारसं पाणीही आलं नाही. बापाने दार उघडलं म्हणे. आत जाऊन चूल पेटवली आणि तिला बसायला पाट दिला. दुसऱ्याच दिवसापासून जो पाऊस धरला तो सोडीना, आणि खाडी लाल होऊन वाहायला लागली. परत जायची वाट बंद झाली.

पुढचं मला रावजीने सांगितलं. हे तेव्हा पुण्याला जायच्या तयारीने आंबा घाटातून वर गेले होते, म्हणून तो माझ्याकडे आला. त्याने ओटीवर बसायलाही नकार दिला. भिजलेला होता, अंगणातच उभा राहून बोलत होता.

सकाळी तो मळ्यात भात लावत होता. पलीकडून कुकारा आला. आवाज सासऱ्याचा, म्हणजे लगेच कळलं. तो चिखलातून तसाच धावत काठावर गेला. सदूही आला होता. पलीकडे महिपत उभा होता आणि त्याच्या मागे चार बाया मैनेला घोंगडीत घालून घेऊन आल्या होत्या. मूल अडलं होतं. महिपत ओरडून सांगत होता, आणि एवढ्या पाण्याच्या आवाजातही त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

सदूने होडी लोटली. त्याला दोष देऊ नका, असं रावजी मला दोनदा म्हणाला. दोघांनी मिळून वल्ही मारली. मधल्या ओढीला लागायच्या आधीच तळाची फळी सुटली आणि पाणी गुडघ्यापर्यंत आलं. रावजी उपसत होता, सदू वल्हवत होता, शेवटी होडी फिरवून कशीबशी काठाला आणली. फळीवर गोणपाट ठोकून पुन्हा गेले. पुन्हा परत यावं लागलं. दवाखान्यातला डॉक्टर छत्री घेऊन काठावर येऊन उभा होता. त्याच्या हातात पेटी होती. तोही काय करणार होता?

"मामा दुपारपर्यंत हाका मारीत व्हते," रावजी म्हणाला. "सदू, सदू. रावजी, रावजी. मना म्हनत व्हते, तुजी बायको हाय रे. मी पान्यात उतरलो तर लोकांनी धरलानी." अंगणातलं पाणी त्याच्या पायावरून वाहत होतं. "मंग आवाज बंद झाला. तवा मना कळलं."

पोटातलं मूलही गेलं. तिला तिकडेच अग्नी दिला. नवऱ्याला त्या काठावर जाता आलं नाही, त्याने या तीरावरून धूर बघितला.

मी अंगणात गेले आणि त्या पोराला जवळ घेतलं. कोणाच्या जातीचा, कोणाच्या घरचा, काही मनात आलं नाही. घरात येऊन यांना पुण्याच्या पत्त्यावर सगळं लिहून कळवलं. आता नवी असेंब्ली झाली आहे, नवे मंत्री आले आहेत, प्रश्न जास्त विचारले जातात म्हणतात. विचारू देत. माझं मन त्या सालातून पुढे सरकलेलं नाही.

यांनी पुण्याला पुन्हा प्रश्न विचारला. या खेपेला सभा हसली नाही. मंत्र्यांनी खेद वाटतो असं सांगितलं आणि शिवखोलच्या तरीवर पुढच्या हंगामापूर्वी नवी होडी देण्याचं कबूल केलं. पुढे ती आली. बळकट होती, मी त्यातून एकदा गेले आहे.

दसऱ्यानंतर महिपत आमच्याकडे आला. बोलावलं नव्हतं. ओटीवर नेहमीच्या जागी टेकला. मी पाणी दिलं. त्याने मागितलं नव्हतं. हे बाहेर आले. त्याला नव्या होडीचं सांगितलं. महिपतने ऐकून घेतलं.

"आप्पानू," तो म्हणाला, "तुमी मैनाचं नाव घेतलात काय थयं?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली.

"प्रश्नात माणसांची नावं घालत नाहीत, महिपत. तसा तिथला नियम आहे."

"मंग काय म्हनलाव?"

"एक स्त्री, असं म्हटलं. होडीअभावी एक स्त्री दगावली, हे खरं आहे काय, असं."

महिपतने अंगणाकडे बघितलं. "म्हंजे कोन गेली, तां त्यास्नी कळलं नाय," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. तो नुसतं समजून घेत होता.

मग तो म्हणाला, "तुमी थयं म्हनलाव तशे हयं एकदा म्हना. उभ्यानं. तिच्या नावासकट."

हे उठले. अंगरख्याची गुंडी लावली, आणि ओटीच्या मधोमध उभं राहून तो प्रश्न सभेत म्हणतात तसा मोठ्याने इंग्रजीत म्हणायला लागले. यांचं इंग्रजी फार चांगलं होतं. महिपतला त्यातलं अक्षर कळणार नव्हतं. तो मान पुढे करून, गुडघ्यांवर हात ठेवून एकेका शब्दाकडे बघावं तसं बघत होता. आणि मध्येच ते नाव आलं. मैना, महिपत गावकराची मुलगी, हे यांनी मराठीतच म्हटलं.

महिपतने डोळे मिटले. ओठ हलले, पण आवाज आला नाही. हे प्रश्न पुरा करून तसेच उभे राहिले, खाली बसायचं त्यांना सुचलं नाही.

"परत म्हना," महिपत म्हणाला.

यांनी परत म्हटलं.